उतरत्या छतातून बुखारीचं धुराडं काढताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं बसलं की दोन-दोन दिवस उन्हाचा पत्ता नसतो, त्यात आमची वरची खोली उतरत्या छताची, वर पत्रा, खाली वासे आणि वाशांना ठोकलेलं प्लायवूड. म्हणून लाकडावर चालणारी बुखारी, म्हणजे खोली उबवणारी बंद शेगडी, बसवली आणि पहिल्या झटक्यात जमेल तेवढ्या चुका केल्या.

पहिला घोळ भोकाचा. मिस्त्रीने टेप छताला काटकोनात धरून खूण केली, पण धुराडं तर सरळ उभं जाणार ना, मग खूण वीतभर बाजूला गेली आणि नेमका वासा मध्ये आला. "कापून टाकू साहेब, काय होतंय!" वासा कापू देऊ नका, त्यापेक्षा बुखारी चार बोटं सरकवा. वरून ओळंबा सोडा, त्याचं टोक बुखारीच्या तोंडाच्या बरोबर मधोमध स्थिर झालं की मगच वर पेन्सिल टेकवा. आणि हो, तिरप्या छतात गोल पाइपसाठी भोक लांबट कापावं लागतं, गोल नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र पाइपची. डक्टवाल्याकडून जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत पाइप आणून तोच थेट छतातून बाहेर काढला. जस्त 419 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि एकेरी (एकाच पत्र्याचा) पाइप लाकडापासून 18 इंच लांब हवा, म्हणजे छतातून तो जाऊच शकत नाही. तासाभराने प्लायवूडला हात लावला तर लावलेला ठेववेना, भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी कडं आलेलं. रोज असं भाजत राहिलेलं लाकूड पुढे कमी उष्णतेलाही पेटतं. छतातून जाणारा भाग उष्णतारोधक भरलेल्या दुहेरी पाइपचाच घ्या, त्याच्याभोवती साधारण 2 इंच मोकळी जागा सोडा (पाइपवर लिहिलेलं अंतर जास्त असेल तर ते). ही फट मोकळीच ठेवायची. गार वारा येतो म्हणून आमच्या काकू त्यात चिंध्या कोंबायला निघाल्या होत्या! पाइप धरणारा चौकोनी डबा छत तिरपं असलं तरी लेव्हल लावून बसवा.

मग धूर. आमचं धुराडं पत्र्याच्या वर जेमतेम गुडघ्याएवढं होतं, वारा आढ्यावरून खाली घसरला की धूर खोलीत. छतातून निघतो तिथून किमान 3 फूट वर, आणि आडवं 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा 2 फूट उंच, एवढं हवंच. मध्ये कोपर (पाइपची वळणं) जितके कमी तितकं बरं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, अलार्म लावाच, आणि खोली ठार बंद करून झोपू नका.

जोडावर बाहेरून काळे ओघळ दिसले तर पाइप उलटे बसलेत. वरच्या पाइपचं निमुळतं टोक खालच्याच्या आत जायला हवं, म्हणजे डांबरासारखा चिकटा आतूनच बुखारीत उतरतो. ओल्या बाभळीने तो फार साचतो, आणि धुराड्यात आग लागते ती त्यालाच. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू.

राहिला पाऊस. धुराड्याभोवतीच्या पत्र्याची वरची कड छताच्या पत्र्याखाली सरकवा, खालची छताच्या पत्र्यावर राहू द्या. आमची दोन्ही वर होती, नुसतं सिलिकॉन फासलेलं. जूनपर्यंत थांबायचं कशाला, वरून बादलीभर पाणी ओता आणि खाली कुणालातरी टॉर्च घेऊन उभं करा. आमच्याकडे बायको उभी होती, पहिला थेंब नेमका तिच्या चष्म्यावर.