अॅप फुकट की विकत? किमतीबाबत या चुका टाळा

घरात फोनमधलं थोडंफार कळणारा मीच, त्यामुळे नातेवाइकांचे अडलेले फोन माझ्याकडे येतात. तक्रार बहुतेकदा एकच: “फोन फार स्लो झालाय, सारख्या जाहिराती येतात.” मागे मामांचा फोन आला, त्यात टॉर्चची दोन अॅप्स, बॅटरी वाचवणारं एक आणि कागद स्कॅन करणारी तीन. एवढी कशाला घेतली, असं विचारलं तर म्हणाले, “अरे, फुकट तर होती!”

अॅप बनवायला आणि पुढे चालू ठेवायला पैसा लागतोच. तो आपण देत नसू तर दुसरं कोणीतरी देतं आणि अॅपची घडण त्या देणाऱ्याच्या सोयीने होत जाते. म्हणून किमतीचा आकडा पाहण्याआधी पैसे कोण भरतंय ते पाहायला हवं.

फुकट आहे, बिघडलं कुठे?

२०१३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ या टॉर्चच्या अॅपवर कारवाई केली. फोन कुठे आहे याची माहिती ते जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं, आणि तेही वापरणाऱ्याने अटी मान्य करण्याआधीच. उजेड पाडायला ठावठिकाणा कशाला हवा?

भारतात तेव्हा घरोघरी वापरलं जाणारं, कागद स्कॅन करणारं ‘कॅमस्कॅनर’ २०१९ मध्ये असंच अडकलं. कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांना त्यात घातक कोड सापडला आणि गूगलने ते प्ले स्टोअरवरून काढलं. हा कोड आला होता अॅपमध्ये जोडलेल्या जाहिरातींच्या भागातून. मला या प्रकरणातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जाहिरातीवर जगणारं अॅप परक्याचा कोड स्वतःच्या घरात घेतं, आणि मग त्यातून काय शिरेल यावर बनवणाऱ्याचाही पूर्ण ताबा राहत नाही.

उपाय सोपा आहे. टॉर्च फोनमध्ये आधीपासूनच असतो. कागद स्कॅन करायला अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्ह आणि आयफोनवर नोट्स पुरेसं आहे. नवं अॅप घेतलंच तर ते कोणत्या परवानग्या मागतं ते बघा. कामाशी संबंध नसलेली परवानगी नाकारा, आणि त्यावर अॅप अडून बसलं तर सरळ काढून टाका.

मात्र फुकट म्हणजे वाईटच, असंही धरून चालू नका. व्हिडिओ दाखवणारा व्हीएलसी प्लेअर फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि तो उत्तम चालतो, कारण त्यामागे व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था आणि स्वेच्छेने काम करणारे लोक आहेत. पैसे कोण भरतं याचं स्वच्छ उत्तर तिथे मिळतं.

महाग आहे म्हणजे चांगलंच असणार

२००८ मध्ये अॅपलच्या स्टोअरवर ‘आय अॅम रिच’ नावाचं अॅप ९९९.९९ डॉलरला आलं होतं. ते स्क्रीनवर लाल रत्न दाखवायचं, बस्स. अॅपलने ते लगेच काढलं, तरी तोवर ८ जणांनी घेतलं होतं.

अॅप काढलं, पण पैसे जातातच

सगळ्यात जास्त नुकसान मी याच चुकीने होताना पाहिलंय. ‘३ दिवस मोफत’ वाचून लोक ‘सुरू करा’ दाबतात, अॅप आवडलं नाही की फोनमधून उडवतात आणि विषय संपला असं समजतात. पण मोफत दिवस संपले की सदस्यत्वाचे पैसे आपोआप कापले जाऊ लागतात, आणि अॅप अनइन्स्टॉल केल्याने सदस्यत्व बंद होत नाही. मामांच्या खात्यातून असे दर आठवड्याला पैसे जात होते, आणि ते अॅप तर फोनमध्ये नव्हतंच.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, पेमेंट आणि सदस्यत्वांच्या भागात जा आणि तिथून रद्द करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वांत वर असलेल्या आपल्या नावावर दाबलं की सबस्क्रिप्शन्स दिसतात. पैसे युपीआयवरून जात असतील तर तुमच्या युपीआय अॅपमधला ऑटोपेचा (आपोआप पैसे जाण्याचा) भागही तपासा, तिथली परवानगी वेगळी रद्द करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

चुकून खरेदी झाली असेल तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परतावा मागा. उशीर झाला की अॅप बनवणाऱ्याच्या मागे लागावं लागतं.

एकदा पैसे दिले, आता जन्मभर चालायला हवं

इथे मात्र मी अॅप बनवणाऱ्यांच्या बाजूने आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि अॅप त्यानुसार बदलत राहिलं नाही, तर गूगल ते नव्या फोनवर नव्याने घेणाऱ्यांना दाखवणंच थांबवतं. म्हणजे काम दरवर्षी आणि कमाई एकदाच. त्यातही छोट्या विकसकाच्या १०० रुपयांतले १५ रुपये स्टोअरचे, कर वेगळे. भारतात प्ले स्टोअरवरची किमान किंमत २०१५ मध्ये ५० रुपयांवरून १० रुपयांवर आली. खरेदी करणाऱ्याला ते बरं वाटतं, पण दहा रुपयांत पाच वर्षांची दुरुस्ती कोण करणार?

‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा अतिशय देखणा खेळ. २०१४ मध्ये त्यात पैसे देऊन घ्यायचे नवे टप्पे आले, तर कित्येकांनी केवळ पैसे मागितले म्हणून एक तारा दिला. पुढच्याच जानेवारीत बनवणाऱ्यांनी सांगितलं की अँड्रॉइडवर हा खेळ ज्या फोनांत आहे, त्यांतल्या फक्त ५ टक्क्यांवर तो विकत घेतलेला आहे. एकाच माणसाचे दोन-तीन फोन यात धरले, तरी चोरून घेतलेल्या प्रती उरतातच.

किंमत पटली नाही तर घेऊ नका, पण तारे अॅप कसं चालतं त्यावर द्या. आणि दुसऱ्यांचे तारे वाचताना एक तारा देणाऱ्याने खाली काय लिहिलंय ते नक्की बघा. ‘बंद पडतं’, ‘डेटा गेला’ असं असेल तर सावध व्हा. ‘पैसे मागतात’ एवढंच असेल, तर अॅपचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा. ते ताजं असेल आणि अॅप तुमच्या रोजच्या कामाचं असेल, तर आधी एका महिन्याचे पैसे भरून बघा, वर्षाचे एकदम नको.