मुक्तिवाहिनीचा तक्ता काढताय? मग वरून सुरू करू नका

भाचीला विजय दिवसासाठी शाळेत मुक्तिवाहिनीचा, म्हणजे 1971 मध्ये बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या फौजेचा, चार्ट न्यायचा होता, म्हणून अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणली, तर या बाईसाहेबांनी लगेच वर सरसेनापती उस्मानींचा चौकोन काढून खाली बाण सोडायला घेतले. गडबड तिथंच होते.

आधी पूर्व पाकिस्तानचा, म्हणजे आजच्या बांगलादेशाचा, नकाशा ट्रेस करून घ्या, कारण 1971 च्या मार्चमध्ये ईस्ट बंगाल रेजिमेंटच्या पलटणी, सरहद्दीवरचे ईपीआरवाले (ईस्ट पाकिस्तान रायफल्स), पोलीस, सगळे जिथं होते तिथूनच उठले, बांगलादेशचं हंगामी सरकार बनलं 10 एप्रिलला आणि शपथ झाली 17 ला, मेहेरपूरजवळच्या आमराईत. म्हणजे लढणारे आधी आणि सरसेनापती नंतर! ते म्हणजे निवृत्त कर्नल उस्मानी. संरक्षण खातं पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांच्याकडेच होतं.

मग जुलैमध्ये कलकत्त्याला बैठक होऊन देशाचे 11 सेक्टर पाडले, ते रंगवा. 1 नंबर चितगावकडे, 11 नंबर मैमनसिंगकडे, तिथं अबू ताहेर, कमालपूरच्या लढाईत त्यांचा पाय गेला. 10 नंबर मात्र नकाशावर शोधत बसू नका, आम्ही अर्धा तास घालवला. तो नौदल कमांडोंचा, त्याला ठरावीक जमीनच नाही. पोरांना प्लासीजवळ भागीरथीत पोहायला लावून तयार केलं, आणि हल्ल्याचा इशारा काय, तर आकाशवाणी कलकत्त्यावर ठरलेलं गाणं! 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज या बंदरांत एकदमच स्फोट. त्या चार ठिकाणी निळे ठिपके द्या.

आता दोन पेनं घ्या. जाड पेन नियमित फौजेला, बारीक पेन गणवाहिनीला, म्हणजे थोडं ट्रेनिंग घेऊन आत घुसणारे विद्यार्थी, शेतकरी वगैरे. जाड पेनानं तीन ब्रिगेड काढा, झेड, के आणि एस. पाठ करायची गरजच नाही, झियाउर रहमान, खालिद मुशर्रफ, शफिउल्ला, कमांडरच्या नावाचं पहिलं अक्षर, बास.

मुजीब वाहिनी, म्हणजे तरुणांची वेगळी फौज, बाजूला, तुटक रेषेनं. तिचं ट्रेनिंग भारताच्या जनरल उबान यांच्याकडे आणि उस्मानींचा हुकूम तिच्यावर चालत नव्हता, त्यावरून कुरबुरी खूप झाल्या. हे बहुतेक चार्टमध्ये सरळ रेषेत घुसडलेलं असतं, ते चूकच आहे.

सगळ्यात शेवटी उस्मानींचा चौकोन, आणि डिसेंबरची भारतीय सेना आणि मुक्तिवाहिनीची संयुक्त कमान दाखवायला शेजारी भारताच्या जनरल अरोरांचा. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या वेळी उस्मानी नव्हते बरं का, उपप्रमुख ए. के. खांदकर होते, तेव्हा तिथं त्यांचं नाव घाला.

शाळेत बाईंनी विचारलंच, "अगं, 10 नंबर राहिला की!"

भाची म्हणाली, "तो पाण्यात आहे."