नाशिकच्या हवेत टांगत्या कुंड्यांची निगा

जमिनीवरच्या कुंडीला निदान तळाकडून आडोसा असतो. टांगत्या कुंडीला मात्र सगळ्या बाजूंनी वारा लागतो आणि तिच्यातील ओल फार लवकर उडून जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या नाशिकमध्ये मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत हवा अतिशय कोरडी असते. म्हणून येथे रोप कोणते लावावे यापेक्षा कुंडीत काय भरावे आणि पाणी कसे द्यावे, हा विचार आधी करायला हवा.

शेतातील काळी माती आपल्याकडे सहज मिळते, परंतु टांगत्या कुंडीत ती भरू नये. ही माती भिजली की फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. शिवाय १२ इंच व्यासाच्या अर्धगोल कुंडीत साधारण ७ लिटर मिश्रण मावते, आणि एवढी काळी माती भिजल्यावर तिचे वजन १० किलोच्या वर जाते. त्याऐवजी धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, गांडूळखत एक भाग आणि पोयट्याची माती एक भाग असे मिश्रण घ्यावे. तारेच्या कुंडीला काथ्याचे अस्तर असेल, तर त्याच्या आतून तळाला चार-पाच भोके पाडलेला प्लॅस्टिकचा कागद लावावा. एरवी उन्हाळ्यात काथ्यातूनच बरेचसे पाणी उडून जाते. हूक स्लॅबमध्ये किंवा भक्कम तुळईत पक्का बसवावा. पीओपीच्या छतावर हा भार कधीही टाकू नये.

पिटुनियासारखी हंगामी फुलझाडे लावायची असतील, तर द्राक्षबागांमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, सुरू होते तो ऑक्टोबरचा काळ उत्तम, कारण त्यानंतर मिळणारी थंडी त्यांना मानवते. कडक उन्हाच्या गच्चीवर ऑफिस टाइम (पोर्टुलाका) हे फुलझाड लावावे. सावलीच्या बाल्कनीत मनीप्लांट आणि स्पायडर प्लांट निश्चिंतपणे वाढतात. नेचे दिसायला देखणे असले, तरी एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात त्याची पाने करपतात, त्यामुळे नवख्या माणसाने त्यापासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे.

पाण्याची वेळ घड्याळावरून ठरवू नये. पाणी पूर्ण निथळल्यानंतर कुंडीच्या तळाला तळहात लावून ती किंचित उचलावी आणि ते वजन लक्षात ठेवावे. पुढे रोज सकाळी तसेच उचलून पाहिले, की काही दिवसांतच हाताला अंदाज येतो. कुंडी हलकी लागली तरच पाणी द्यावे आणि ते तळातून ठिबकू लागेपर्यंत सावकाश द्यावे. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून रोज पेलाभर पाणी घालण्याची सवय वाईट, कारण त्यामुळे वरची दोन बोटे माती ओली राहते आणि खालची मुळे तहानलेलीच राहतात. मिश्रण पूर्ण वाळून कडेपासून सुटलेच, तर कुंडी उतरवून पाण्याच्या बादलीत बुडवावी, बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेवावी आणि निथळल्यावर पुन्हा टांगावी. ऐन उन्हाळ्यात फुलझाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकते. पावसाळ्यात मात्र कुंड्या पागोळीखालून हलवाव्यात आणि तळाची भोके मोकळी आहेत ना, हे पाहावे.

वारंवार दिलेल्या पाण्याबरोबर अन्नद्रव्येही वाहून जातात. त्यासाठी १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात, ओल्या मिश्रणावर, दर १५ दिवसांनी द्यावे. रोपे वितभर झाली की शेंडे खुडावेत, म्हणजे बगलफुटवे येऊन कुंडी भरते. सुकलेली फुलेही देठासकट काढावीत, नाहीतर रोपाची शक्ती बी धरण्यात खर्च होते. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, तर तो बहुधा पिठ्या ढेकूण असतो. तो ओल्या कापडाने पुसून काढावा आणि लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

एप्रिलमध्ये पिटुनिया थकली की ती उपटून टाकावी. उरलेले मिश्रण निरोगी असेल, तर मुळे वेचून ते कडक उन्हात वाळवावे आणि त्यात नवे गांडूळखत मिसळून ऑफिस टाइमच्या काड्या खोचाव्यात.