पान उलटून पाहा : पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानाची रचना व कार्ये वावरातच कशी समजून घ्यावीत

पाठ्यपुस्तकातील आकृती पान वरच्या बाजूने दाखवते आणि आपणही पीक धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून वरूनच न्याहाळतो. परंतु हवेशी होणारी पानाची देवघेव बहुतांशी खालच्या बाजूने चालते. त्यामुळे पान उलटण्याची सवय आधी लावून घ्यावी. विदर्भात पऱ्हाटी पात्या (फुलकळ्या) व फुलांवर असते तो काळ या निरीक्षणासाठी सोयीचा आहे. वस्तू दहापट मोठी दाखवणारे भिंग सोबत घ्यावे आणि दव वाळल्यावर सकाळीच वावरात जावे.

झाडाच्या मध्यावरील पूर्ण वाढलेले पान निवडावे, मात्र ते लगेच तोडू नये. देठ खोडाला जिथे जोडलेला असतो तिथे दोन बारीक उपपर्णे (पानासारखे छोटे अवयव) आणि देठ व खोड यांच्यामधील बगलेत कळी किंवा फांदी दिसते. पान कोठे सुरू होते हे या बगलेतील कळीवरूनच ठरते. धुऱ्यावरच्या पळसाला तीन पाने दिसतात खरी, पण त्यांपैकी एकाच्याही बुडाशी कळी नसते. ती सामाईक देठाच्या बगलेत असते, म्हणून त्या तीन पर्णिका मिळून शास्त्राच्या हिशेबाने एकच पान होते. पऱ्हाटीचे पान खोलवर कातरलेले असले तरी साधेच पान आहे.

आता पान तोडून सूर्याच्या उजेडासमोर धरावे. देठाच्या टोकापासून पंजाच्या बोटांसारख्या फाकलेल्या मुख्य शिरा आणि त्यांच्यामधील बारीक शिरांचे जाळे स्पष्ट दिसते; शेजारच्या ज्वारीच्या पानात मात्र शिरा समांतर धावतात. प्रत्येक शिरेत जलवाहिन्या मुळांकडून पाणी व क्षार आणतात, तर रसवाहिन्या पानात तयार झालेली साखर बोंडांकडे व मुळांकडे नेतात. पानभर विखुरलेले काळे ठिपके हा रोग नव्हे. त्या गॉसिपॉल या द्रव्याच्या ग्रंथी असून त्यामुळे अनेक किडींना पान खाणे नकोसे होते. वरची बाजू अधिक गडद दिसते, कारण वरच्या त्वचेखाली हरितलवकांनी भरलेल्या उभ्या पेशी दाटीने रचलेल्या असतात आणि प्रकाशसंश्लेषणाचे बरेचसे काम तिथेच होते. त्याखालच्या पेशी विरळ असून त्यांच्यामधील पोकळ्यांतून हवा खेळते.

मग पान उलटावे. पर्णरंध्रे, म्हणजे पानाच्या त्वचेवरील सूक्ष्म छिद्रे, पऱ्हाटीच्या पानाच्या दोन्ही बाजूंना असली तरी खाली जास्त असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते आणि त्या सैल पडल्या की मिटते. कार्बन डायऑक्साइड आत येण्याची आणि बाष्प बाहेर जाण्याची वाट एकच असल्यामुळे पाण्याचा ताण पडला की झाड रंध्रे मिटते, पण त्याबरोबर अन्ननिर्मितीही मंदावते. बाष्पोत्सर्जन पाहायचे असल्यास एका पानेदार फांदीवर कोरडी पारदर्शक पिशवी चढवून तोंड घट्ट बांधावे. दुपारपर्यंत आतून थेंब जमतात. पिशवी नंतर काढावी, अन्यथा आतली पाने उन्हात होरपळतात.

मधल्या शिरेवर देठाजवळ बहुतेक वाणांत एक छोटा खळगा असतो. ती गोड रस पाझरणारी मधुग्रंथी असून मुंग्या तिथे घुटमळतात. तिरपे चालणारे हिरवट तुडतुडेही याच बाजूला रस शोषतात. वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत, फक्त कडा पिवळ्या, मग लालसर होऊन पान मुरगळलेले दिसते. अशा वेळी पान न उलटता केलेली फवारणी म्हणजे निव्वळ अंदाज होय, असे माझे स्पष्ट मत आहे. झाडाचे वरचे, मधले व खालचे असे एकेक पान उलटून किडी मोजाव्यात आणि मगच निर्णय घ्यावा.

लाली दिसली की सगळे दोष तुडतुड्यांवर टाकणेही बरोबर नाही. मॅग्नेशियम कमी पडले तर शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो आणि सुरुवात जुन्या पानांपासून होते, कारण झाड हे द्रव्य जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकते. नत्राच्या कमतरतेतही खालची पानेच आधी फिकी पडतात. लोह मात्र असे सहज हलत नाही. म्हणून चुनखडीयुक्त जमिनीतील सोयाबीन किंवा संत्र्याची कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसतात.

रंध्रे प्रत्यक्ष पाहायची असल्यास गावच्या शाळेतील सूक्ष्मदर्शक लागेल. त्यासाठी पऱ्हाटीऐवजी संत्र्याचे गुळगुळीत पान घ्यावे, कारण पऱ्हाटीवरील लव ठसा बिघडवते. पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावून तो पूर्ण वाळू द्यावा, त्यावर चिकटपट्टी दाबून थर अलगद सोलावा आणि काचपट्टीवर चिकटवावा. खालच्या बाजूच्या ठशात रंध्रे दाटीने दिसतील. वरच्या बाजूच्या ठशात ती शोधत बसू नये, संत्र्याच्या पानाला वर रंध्रे नसतात.