पाझर तलावातला गाळ काढायचाय? पोकलेन बोलवायच्या आधी हे वाचा

उन्हाळा लागला की दरवर्षी एकदोन फोन येतातच, दादा गावच्या तलावातला गाळ काढायचाय, पोकलेन कुठून मिळेल. मी उलट विचारतो, तलावात कलिंगड कोणाचं आहे? समोरचा गप्प. मग म्हणतो पोकलेनचं नंतर बघू, आधी ते शोधून या.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका गावात (नाव नको, माणसं अजून बोलतात माझ्याशी) आम्ही सगळं अगदी व्यवस्थित केलं होतं, ग्रामसभेचा ठराव, खात्याची परवानगी, संस्थेची मशिन, एका कंपनीच्या सीएसआरमधून (म्हणजे समाजकामाच्या निधीतून) डिझेल, आणि पहिल्याच दिवशी सकाळी साडेसातला एक बाई पोकलेनच्या बकेटसमोर येऊन उभी राहिली. तिची गाळपेर होती. म्हणजे पाणी जसजसं मागं सरकतं तसतसं मोकळ्या झालेल्या बुडात कलिंगड, काकडी लावतात ना, ती. वेलांना फळं धरलेली, तोडणीला पंधरा दिवस राहिलेले, आणि आमचा नारळ फोडायचा कार्यक्रम नेमका तिच्या वाफ्यात. ऑपरेटरनं मशिन बंद केली, दोन दिवस उभी, भाडं चालूच. तिची चूक काडीची नव्हती. ठरावाखाली सह्या भरपूर होत्या, पण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

तर पहिलं काम म्हणजे मार्चमध्येच तलावाला पायी एक चक्कर मारायची, शक्यतो दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, कारण दोन्ही वेळची माणसं वेगळी असतात. सकाळी मासेवाले भेटतील, तलावाचा ठेका बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो, मासळी कधी निघणार ते त्यांनाच विचारा आणि बुडात एखादा डोह तसाच ठेवायचा का तेही. संध्याकाळी शेरडं-मेंढरं घेऊन येणारे भेटतात. आम्हाला एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी सांगितलं होतं की तुम्ही सरळ उभा खड्डा काढाल आणि माझं बकरं चिखलात रुतून मरंल, एका कडंनं उतार ठेवा. इंजिनिअरच्या नकाशात हा उतार नव्हता हो. खर्चही शून्य, ऑपरेटरला नुसतं सांगायचं होतं. बांधाखालच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा की झरा कुठल्या महिन्यात आटतो. आणि ट्रॉल्या ज्याच्या रानातून जाणार त्याच्या घरी चहाला जा, वाटेवरून जितकी कामं बंद पडतात तितकी पैशावरून पडत नाहीत. आम्ही आता वाटवाल्याला पहिल्या दिवसाचा गाळ देतो, ट्रॅक्टर गावाचा.

(पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांवर काम असेल तर अजून सावध. तिथं ढीवर समाजाची मासेमारी पाणवनस्पतींवर अवलंबून आहे, सगळं बूड खरवडून चकचकीत केलंत तर मासा अंडी घालणार कुठं?)

आता पैशाचं. सरकारनं गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ ला आणली तेव्हाचा सौदा साधा होता, तलाव सरकारचा, मशिन-डिझेल संस्थेचं नाहीतर कंपनीचं, आणि गाळ फुकट पण वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा. ऐकायला छान वाटतं पण यात गोम अशी की ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे आणि तलावाजवळ रान आहे तोच गाळ नेतो, लांबचा कोरडवाहूवाला बघत बसतो. २०२३ ला योजना नव्यानं आली तेव्हा अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना घनमीटरला ३५.७५ रुपये, अडीच एकरापर्यंत जास्तीत जास्त ३७,५०० असं अनुदान ठेवलं, आणि मशिन-डिझेलला घनमीटरला ३१ रुपये. सध्याचा दर आणि कागद मात्र तालुक्याला जलसंधारणच्या ऑफिसात जाऊन विचारा, जीआर बदलत असतात, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका.

म्हणून गाळ कोणाला आधी हे मशिन यायच्या आधी ठरवायचं, नंतर ठरत नाही, नंतर भांडण होतं. आम्ही मुरमाड आणि हलक्या रानांना पहिला नंबर देतो, ज्याचं रान आधीच काळंभोर आहे त्याला गाळाचा तसाही फारसा उपयोग नाही. आणि एकरी हद्द घालतो. ४०० घनमीटर एका एकरावर पसरला की साधारण चार इंचाचा थर होतो, त्याच्यावर हाव नको. लांबच्या शेतकऱ्यांनी चारपाच जणांत ट्रॅक्टर ठरवला तर परवडतं.

ग्रामसभेबद्दल एक सांगतो, रागावू नका. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही, मग दहा जणांत काहीही मंजूर होतं. कायद्यानं चालतं, तलावावर चालत नाही. त्यामुळं खरी बैठक तलावाच्या बांधावर घ्या, संध्याकाळी, गुरं परत यायच्या वेळेला. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते, ती नुसती रजिस्टरात न घेता खरोखर घ्या, विहिरीचा विषय तिथंच निघतो, पुरुषांच्या सभेत कधी निघालेला मी बघितला नाही. इंजिनिअर साहेबांनाही ऑफिसात भेटून सोडू नका, बांधावर आणा, आणि बांधापासून किती अंतर सोडायचं ती रेघ सगळ्यांसमोर फक्कीनं मारून घ्या. मुरूम लागला की थांबायचं हेही त्यांच्याच तोंडून ऐकवा. वाळू उचलायला पूर्ण बंदी आहे आणि मुरूमही गौण खनिज, रॉयल्टीशिवाय हात लावायचा नाही. हे आपण सांगितलं की राजकारण होतं, साहेबांनी सांगितलं की नियम होतो.

कंपनीवाल्यांना फक्त उद्घाटनाच्या फोटोला बोलावू नका. त्यांना रिपोर्टात काय लागतं ते पहिल्याच भेटीत विचारा, बहुतेकांना घनमीटर, शेतकऱ्यांची नावं आणि आधी-नंतरचे फोटो लागतात. ते गावाच्याच रजिस्टरातून निघालं पाहिजे, दोन वेगवेगळी रजिस्टरं झाली की समजा घोळ सुरू. ट्रॉल्या मोजायला दोन जण बसवा, एक गाळ नेणाऱ्यांतला, एक न नेणाऱ्यांतला, आणि रोजचा आकडा चावडीच्या फळ्यावर.

आता भूमिहीन माणूस म्हणतो मला गाळ नको, माझं काय. त्याला हिशोब दाखवा. एक ट्रॉली म्हणजे साधारण एक ब्रास, १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. एक ट्रॉली बाहेर गेली की तलावात २,८०० लिटर पाणी जास्त मावतं, दोनशे लिटरची चौदा बॅरलं, ज्यातलं मुरून त्याच्याही हापशाला येणार. आम्ही हे फळ्यावरच लिहायचो, आज इतक्या ट्रॉल्या, इतकी बॅरलं. पोरं शाळेतून येताना मोठ्यानं वाचायची.

त्या कलिंगडवाल्या बाईचं विचाराल तर आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली, तिची तोडणी झाली, मग तिच्या बाजूला आलो. पुढच्या वर्षी गाळपेर करणाऱ्यांची यादी तिनंच करून दिली, कोणाचा वाफा कुठं आणि कधी मोकळा होतो ते तारखेसकट.

आणि हो, शेवटचा आठवडा ताणू नका. अजून दोन दिवस, अजून दोन दिवस करत एकदा आम्ही जूनपर्यंत थांबलो, वळवाचा एकच पाऊस पडला आणि पोकलेन बुडात रुतलं. काढायला दुसरं पोकलेन आणावं लागलं.