व्हीपीएन क्लायंट निवडताना: नव्या अ‍ॅडमिनसाठी

नेटवर्कच्या कामात नवीन आलेल्या मुलांना संस्थेसाठी व्हीपीएन क्लायंट (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडून देणारं सॉफ्टवेअर) निवडायला सांगितलं, की ती आधी स्पीड टेस्ट लावून बसतात. मी आधी वेगळंच विचारतो: लॅपटॉप चोरीला गेला, तर तेवढ्या एका मशीनचा प्रवेश किती लवकर बंद करता येईल?

वायरगार्ड हे व्हीपीएन हलकं आणि वेगवान आहे, 2020 पासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. पण ते ओळखतं फक्त ‘की’, म्हणजे प्रत्येक मशीनची डिजिटल किल्ली. युजरनेम, पासवर्ड, ओटीपी ही त्याची भाषाच नाही. दहा-वीस मशीन असतील तर सर्व्हरवरून की काढली, काम झालं. शेकड्यांत गेलात तर कोणती की कोणाची, याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था वर लागतेच. शिवाय ते फक्त यूडीपीवर (पोच न मागता पाकिटं पाठवायची पद्धत) चालतं. काही गेस्ट वायफायवर यूडीपी अडवलेलं असतं. तिथे काहीच करता येत नाही.

ओपनव्हीपीएन हे दुसरं व्हीपीएन अशा वेळी हाताशी येतं. नेहमीसाठी यूडीपी पोर्ट 1194 आणि अडलं तर टीसीपी (पोच घेऊन, हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवणारी पद्धत) पोर्ट 443, असे दोन मार्ग द्या. टीसीपी पहिला ठेवू नका. लाइन खराब असली की आतलं आणि बाहेरचं टीसीपी दोन्ही तीच पाकिटं पुन्हा पाठवत बसतात आणि सगळं रांगायला लागतं. आणि सेटिंग व सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) असलेली एकच प्रोफाइल फाइल सगळ्यांना मेल करायचा मोह आवरा. एकाला काढायचं म्हटलं की सगळ्यांना नवी फाइल द्यावी लागते. काही इन्स्टॉल करायचंच नसेल, तर आयकेईव्ही2 ही व्हीपीएन पद्धत विंडोज आणि मॅकमध्ये आधीपासून असतं. फायरवॉलवर यूडीपी 500 आणि 4500 उघडा. पीपीटीपी ही जुनी, असुरक्षित पद्धत एखाद्या सेटअपमध्ये दिसली तर बंदच करा.

हेल्पडेस्कला सर्वाधिक छळणारी तक्रार मात्र क्लायंटची नसते: ‘कनेक्टेड दाखवतंय, पण सर्व्हर उघडत नाही.’ घरचा राउटर 192.168.1.0 ची रेंज वाटतो आणि ऑफिसचा फाइल सर्व्हरही 192.168.1.20 वर. मग कॉम्प्युटर तो पत्ता घरातच शोधत बसतो. विंडोजवर ‘रूट प्रिंट’ (route print) कमांड चालवा, लगेच दिसेल. क्लायंट बदलून हे सुटत नाही. ऑफिसची रेंज 10 ने सुरू होणाऱ्या पत्त्यांतली एखादी आडवळणाची घ्यावी, तीही सुरुवातीलाच. नंतर बदलणं म्हणजे प्रिंटरपासून सगळं उपसणं.

स्प्लिट टनेल (फक्त ऑफिसची ट्रॅफिक व्हीपीएनमधून, बाकी थेट इंटरनेटवर) ठेवणार असाल, तर अंतर्गत नावांसाठी डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) कुठे विचारायचं तेही क्लायंटला सांगा. नाहीतर आयपी टाकून सर्व्हर उघडतो, नावाने उघडत नाही, आणि युजर म्हणतो ‘कधी चालतं, कधी नाही’. विंडोजचं अंगचं कनेक्शन मुळात सगळी ट्रॅफिक टनेलमधून नेतं. स्प्लिट मुद्दाम चालू करावं लागतं. डोमेनवरच्या (ज्याचं लॉगिन ऑफिसचा सर्व्हर तपासतो अशा) लॅपटॉपवर कनेक्शन ‘सर्व युजर’साठी बनवा. मग ते लॉगिनच्या स्क्रीनवरच जोडता येतं, आणि पासवर्ड रीसेट झालेला माणूस घरी अडकून पडत नाही.

चाचणी ऑफिसच्या वायफायवरून नको, मोबाइल हॉटस्पॉटवरून घ्या. त्यातच एक सर्टिफिकेट मुद्दाम रद्द करून बघा. ओपनव्हीपीएनमध्ये रद्द यादी नव्या जोडणीला किंवा की-नूतनीकरणाला तपासली जाते, आणि ते नूतनीकरण मुळात 3600 सेकंदांनी होतं. म्हणजे जोडलेला लॅपटॉप तासभर आत राहू शकतो. त्याचं चालू सेशन सर्व्हरवरून हाताने तोडावं लागतं.