‘नोटीस टू अपिअर’ आली की वकिलाकडे जाण्याआधी

अमेरिकेत फॉर्म आय-८६२, म्हणजे ‘नोटीस टू अपिअर’ (इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस), हातात पडली की डोळे आधी ‘चार्जेस’ या शब्दावर जातात आणि पोटात गोळा येतो. तर पहिल्यांदा मनाशी पक्कं करा: इथे फौजदारी खटला नाही. तुम्हाला या देशातून काढता येतं का, एवढाच प्रश्न आहे. म्हणूनच सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, तो आपला आपण शोधायचा.

नोटिशीची झेरॉक्स काढा, खुणा तिच्यावरच करा. ‘ए’पासून सुरू होणारा नऊ आकडी नंबर वहीत उतरवा. मग तीन चौकटींपैकी कुठे खूण आहे ते बघा. रीतसर व्हिसावर प्रवेश मिळालेल्यांची खूण तिसऱ्या चौकटीत हवी. ती दुसरीकडे असेल तर गप्प बसू नका, कारण तिसऱ्या चौकटीत आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. पहिल्या दोनांत ती बरीचशी तुमच्यावर येते.

त्याखाली आकडे घालून लिहिलेली विधानं असतात: तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, भारताचे आहात, अमुक तारखेला अमुक विमानतळावर उतरलात, अमुक तारखेपर्यंत राहायची मुभा होती. ही अजून कलमं नव्हेत, कलमांचा पाया आहे. प्रत्येक ओळीसमोर स्वतःचा कागद ठेवा. सर्वाधिक वेळ मुदतीच्या तारखेला द्या. मुदत पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यावरून नव्हे, आय-९४ वरून, म्हणजे प्रवेशाच्या आणि राहण्याच्या मुदतीच्या सरकारी नोंदीवरून, मोजतात. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ तिथपर्यंतच देऊ शकतो, आणि एच-वन-बीची (नोकरीच्या व्हिसाची) मंजुरी पुढची असल्याने आपण निर्धास्त राहतो. म्हणून सगळे जुने-नवे आय-९४ आणि मंजुरीची पत्रं तारखेवार लावा.

मग इमिग्रेशन कायद्याचं कलम. २३७(ए)(१)(बी) मुदतीपलीकडे राहिल्याबद्दल असतं, २३७(ए)(१)(सी)(आय) व्हिसाच्या अटी न पाळल्याबद्दल. २१२ने सुरू होणारी कलमं प्रवेशच न मिळालेल्यांसाठी. विधानं आणि कलम जुळत नसतील तर वकिलाला आधी तेच दाखवा. सरकार पुढे कलमं वाढवूही शकतं, तेव्हा नंतर येणारा प्रत्येक कागद याच फाइलमध्ये लावा.

न्यायाधीश एकेक विधान मान्य की अमान्य विचारतात. नम्रपणा म्हणून ‘येस’ म्हणू नका. वकील नसेल तर तो शोधायला मुदत मागा.

सुनावणीची तारीख नोटिशीवर असो वा नसो, ए-नंबर घालून कोर्टाच्या फोनसेवेवर किंवा वेबसाइटवर ती पुन्हा पुन्हा तपासा. गैरहजर राहिलात तर तुमच्या अपरोक्ष हकालपट्टीचा हुकूम निघू शकतो. घर बदललंत तर पाच दिवसांत ईओआयआर-३३, म्हणजे कोर्टाला नवा पत्ता कळवायचा फॉर्म, भरा. आणि दुभाषा मराठीच मागा. तो फुकट मिळतो. ‘हिंदी चालेल’ असं भिडेखातर म्हणू नका.